पाठीवरची शिवण

सोमवार, २ जुलै १९७३. शिकागो.

आधी एक दुरुस्ती. काल विमानात लिहिलेल्या पानावर, ज्या बँडच्या दौऱ्यावर पोशाख शिवायला मी आले आहे त्याच्या गायकाची उंची मी सहा फूट एक इंच अशी लिहिली आहे. ते चूक आहे. ती मी पोस्टरवरून ठरवली होती. आज फीत लावून माप घेतले: अनवाणी पाच फूट साडेआठ इंच. बाकीची उंची बुटांच्या टाचांची आणि केसांची. चुकीच्या ओळीवर मी एक सरळ रेघ मारली आहे. बाबा मला घरीच शिकवत आणि त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवले, की चूक खोडून झाकायची नाही. तिच्यावर रेघ मारायची आणि ती वाचता येईल अशी ठेवायची.

आता इथे येण्याबद्दल. मी आनंदात आहे, हे लिहायला हरकत नसावी. विमानतळावर मॅनेजर मिस्टर पेल स्वतः घ्यायला आले होते. जाडसर, गुळगुळीत दाढी केलेले, बोलताना समोरच्याचे कोपर धरणारे. मी शिवणाची पेटी छातीशी धरून उभी होते, ती पाहून म्हणाले, आली का आमची मास्तरीण, दे ती पेटी इकडे, तिच्यात काय सोनं आहे का. मी सांगितले की तिच्यात आईची कात्री आहे आणि ती मीच धरेन. ते इतके हसले की ड्रायव्हरही हसला. तेव्हापासून सगळे मला मास्तरीणच म्हणतात. थर्झा हॉलरॉइड हे नाव इथे कोणाच्या तोंडात बसणार नाही असे दिसते.

खोलीतल्या पलंगावर आमच्या घरची चौघेही झोपतील. नाश्त्याला पॅनकेक, त्यावर लोणी, त्यावर पाक, आणि कोणीही ताट संपवत नाही. मी संपवले.

बँडचे नाव सिल्व्हर ट्रॉलर. चौघेही इंग्लंडमधल्या हल बंदरातले, तिथल्या हेसल रोडवर वाढलेले, मासेमारी बोटींवरच्या माणसांची मुले. गायकाला सगळे कॅस्पियन म्हणतात. पासपोर्टवर कॉलिन थ्वेट आहे, म्हणून मी कॉलिन लिहीन. माप घेताना तो हात वर करून शहाण्या मुलासारखा उभा राहिला आणि आमच्या गावाकडे अजून टर्फाच्या, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळायच्या, चुली आहेत का ते विचारत राहिला. गिटार वाजवणारा नेव्हिल सगडन सोफ्यावर लोळत होता. तो म्हणाला, मास्तरीण, छातीचं माप नको घेऊस, ती पोस्टरवरच असते.

बाबांना पत्रात लिहीन की लोक बरे आहेत. आवाज मोठा आहे, पण लोक बरे आहेत.

बुधवार, ४ जुलै. मिलवॉकी.

कामाची पद्धत लिहून ठेवते.

कॉलिनचा पोशाख पांढऱ्या साटीनचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग, त्यावर माशाच्या खवल्यांसारख्या रुपेरी टिकल्या. पूर्वी पाठीला चेन होती. ग्लासगोला ती स्टेजवर तुटली आणि तीन हजार लोकांनी कॉलिनची चड्डी पाहिली. तेव्हापासून चेन बंद. कार्यक्रमाआधी त्याला पोशाखात उभे करायचे आणि कंबरेपासून मानेपर्यंत पाठ हाताने शिवायची. एकसष्ट टाके, दुहेरी रेशमी दोरा. कार्यक्रम झाला की उसवायचे. तोवर साटीन इतके भिजलेले असते की पिळून बादली भरावी.

आमच्या घरी अंगावरचा कपडा कोणी शिवत नाही. साधे बटण लावायचे तरी आई कोट उतरवायला लावते. मी हे कॉलिनला सांगितले, कारण न सांगता शिवणे मला बरे वाटले नाही. तो म्हणाला, आमच्याकडे तर त्याहून वाईट. त्याचे आजोबा बोटीवर शिडे शिवायचे. समुद्रात माणूस गेला की त्याला शिडाच्या कापडात घालून शिवायचे कामही त्यांचेच. शेवटच्या टाक्याला थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे, आत कोण? उत्तर आले नाही तर गाठ मारायची, मग तो माणूस कापडाचा झाला. म्हणून हेसल रोडवर जिवंत माणसाच्या अंगावर कोणाला टाका घालावाच लागला तर शेवटी तेच विचारतात, आणि आतल्याने आपले नाव सांगायचे असते.

तू विचारल्याशिवाय गाठ मारायची नाहीस, कॉलिन म्हणाला, हसायचं असेल तर हस बापडी.

मी हसले नाही. साठ टाके झाल्यावर विचारले, आत कोण? तो म्हणाला, कॉलिन थ्वेट, हेसल रोड, घर नंबर एकशे बारा, दार हिरवं. मग मी गाठ मारली.

नेव्हिल सोफ्यावरून म्हणाला, खोटं आहे, मास्तरीण. आत कोणी नाही, नुसती हवा आहे. मीही हेसल रोडचाच, मला विचार.

सोमवार, ९ जुलै. सेंट लुईस.

पाच दिवस लिहिले नाही. वेळ होता. लिहावेसे वाटले नाही, हे खरे कारण.

इथे स्टेजमागे रोज तेच चालते. टेबलावर आधीच ठरवून मागितलेल्या गोष्टी असतात, बर्फात शॅम्पेनच्या बाटल्या, अख्खी भाजलेली टर्की, गुलाबी क्रीमचा केक. त्यातले फारसे कोणी खात नाही. टर्की भिंतीवर फेकतात. परवा हॉटेलचा टेलिव्हिजन खिडकीतून पोहण्याच्या तलावात टाकला, आणि हॉटेलचा माणूस वर आला तेव्हा त्यालाही कपड्यांसकट टाकले. तो वर आला तो हसत हसत, कारण मिस्टर पेलनी त्याच्या ओल्या खिशात काहीतरी घातले. सगळे हसतात. ज्याच्यावर हसतात त्यालाही हसावे लागते. हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

आज एक मुलगी आली होती, वय असेल सोळा. सकाळी सातपासून मागच्या दाराशी उभी होती, आईने विणलेला स्वेटर घालून. तिला आत यायचा पास हवा होता. नेव्हिलने तिला कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा दाखवला आणि म्हणाला, सगळा संपव, मग पास. तिने संपवला. मधे दोनदा ओकारी आली ती गिळली. सगळे टाळ्या वाजवून मोजत होते. मी मोजत नव्हते, पण तिथे उभी होते. डबा संपल्यावर नेव्हिल म्हणाला, शहाणी गं माझी राणी, आता बाहेर जा, कुत्र्यांना आत यायची परवानगी नाही.

कॉलिनने आपल्या गळ्यातला पास काढून तिला दिला. नेव्हिल दात दाखवत म्हणाला, बघा बघा, संत कॅस्पियन. उद्यापासून पाण्यावर चालणार.

पोशाख चढवताना कॉलिन म्हणाला की त्याला घरी जायचे आहे. घसा सोलवटला आहे. रुमालावर रक्त असते, हे मला माहीत आहे, रुमाल मीच धुते. तो मिस्टर पेलशी बोलला. मिस्टर पेलनी त्याचे कोपर धरून म्हटले, अरे राजा, तू नाही म्हणालास तर मी कोण बळजबरी करणारा, फक्त ऑगस्टअखेरपर्यंत काढ. मग त्यांनी डॉक्टर ऑर्डवे यांना बोलावले. हे टेक्सासचे, कातडी बॅगवाले, फार मृदू बोलणारे. ते सुईला जीवनसत्त्व म्हणतात.

मी ते रुमाल मिस्टर पेलना दाखवायला हवे होते. उद्या दाखवीन.

रविवार, १५ जुलै. कॅन्सस सिटी.

घडले ते क्रमाने लिहिते. रुमाल मी दाखवले नव्हते, हे आधी.

पाच वाजता कॉलिनने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि सांगितले की तो आज गाणार नाही, उद्याही नाही, त्याला हलचे तिकीट काढून द्या. सामान वाहणाऱ्या माणसांनी दार फोडले. तो टबात बसला होता, सगळे कपडे घालून, कोरड्या टबात. डॉक्टरांनी दंडात सुई दिली. थोड्या वेळाने परत एक.

सहा वाजता त्याला माझ्यापुढे आणून उभे केले. खुंटीवर कोट टांगावा तसा तो उभा होता. बाहेर बारा हजार लोक पाय आपटत होते, भिंतीवरचा आरसा हलत होता. मी साठ टाके घातले. मग विचारले, आत कोण?

तो बोलला नाही.

मी पुन्हा विचारले. तोंड थोडे उघडे होते. डोळे आरशाभोवतीच्या दिव्यांवर होते. मिस्टर पेलनी मनगटावरचे घड्याळ माझ्या नाकापुढे धरले आणि म्हणाले, मास्तरीण, आत कोण असणार, इंग्लंडची राणी? मार गाठ. नेव्हिल गिटारचा पट्टा लावत होता, तो म्हणाला, मी केव्हाचा सांगतोय, आत हवा आहे.

मी गाठ मारली. माझा हात कोणी धरला नव्हता. मला घाई केली, एवढेच.

कार्यक्रम आजवरचा सर्वांत चांगला झाला, असे सगळे म्हणतात. तो दोन तास गायला. आवाज एकदाही फाटला नाही. मी उसवायला गेले तर मिस्टर पेलनी दारातच अडवले. झोपू दे त्याला तसाच, म्हणाले.

सोमवार, १६ जुलै. कॅन्सस सिटी.

सकाळी दहाला त्याच्या खोलीत गेले. तो खुर्चीवर बसला होता, काल स्टेजवर होता तसाच, बुटांसकट. हसत होता. मी उसवायचे पाते घेऊन मागे उभी राहिले.

शिवण सापडली नाही.

मी माझे काम ओळखते. दोरा कितीही बारीक असला तरी बोटाला लागतो. कंबरेपासून मानेपर्यंत बोट तीनदा फिरवले. टिकल्या एकीवर एक बसल्या आहेत, कुठेही फट नाही. मग गळ्याची कड चाचपली. कड नाही. साटीन कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते नखाला कळत नाही.

आणखी एक. पोशाख कोरडा आहे. घामाचा वासही नाही. दोन तास त्या दिव्यांखाली गाऊन.

मी त्याला विचारले, चहा आणू का. तो हसत राहिला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, उत्तम.

शनिवार, २१ जुलै. डेन्व्हर.

तो आता कशालाच नाही म्हणत नाही. बसवला तिथे बसतो. खात नाही. वेळ झाली की उठतो, गातो, परत बसतो. वर्तमानपत्राने लिहिले आहे की कॅस्पियन मंचावर माणूस वाटतच नाही, देव वाटतो.

नेव्हिलला नवा खेळ सापडला आहे. कॅस्पियन दचकेल यावर पैजा लावतो. काल त्याच्या पोटरीवर सिगारेट विझवली. तो हसत होता. दुसरी विझवली. मग बँडच्या ढोलवाल्यालाही एक विझवू दिली. आज दुपारी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याला तलावात ढकलले, तो तळाशी जाऊन बसला, आणि तिथून वर बघत हसत राहिला. काढायला कोणी घाई केली नाही. नेव्हिल काठावर बसून म्हणत होता, मासाच तो, त्याला काय होतंय.

तलावात पुष्कळ टिकल्या गळल्या. त्या परत लावणे माझे काम. तो खुर्चीवर, मी मागे स्टुलावर. साटीनमधून सुई घालायची, टिकली ओवायची, बाजूने परत घालायची. मी एकशे त्रेपन्न टिकल्या लावल्या. पुढची मानेशी होती. सुई आत गेली आणि तिथून, कापडाच्या आतून, कोणीतरी म्हणाले, हळू.

मी कान लावला.

फार बारीक आवाज. पलीकडच्या खोलीत कोणी बोलावे तसा. म्हणाला, कॉलिन थ्वेट. हेसल रोड. घर नंबर एकशे बारा, दार हिरवं.

सहा दिवसांनी उत्तर आले.

गुरुवार, २६ जुलै. सॉल्ट लेक सिटी.

त्याला सगळे कळते. मी विचारले, त्याने सांगितले. ऐकू येते, दिसते. सिगारेट कळल्या, तीन होत्या. तलावाचे पाणी नाकातोंडात गेलेले कळले. माझी प्रत्येक टिकली कळली. गाणे तो गात नाही, ते आपोआप त्याच्यातून जाते आणि घसा आतून खरवडला जातो. ओरडतो ते बाहेर येत नाही. मानेवर कान लावला तरच येते.

तो एकच मागतो. उसव मला.

मी मिस्टर पेलकडे गेले. वाटले होते त्यांना माहीत नसेल. ते अंडी खात होते. शांतपणे ऐकले, बसायला सांगितले, माझ्यासाठी टोस्ट मागवला. मग म्हणाले, हे बघ पोरी, आधीचा पोरगा रडायचा, कड्या लावून बसायचा, रक्त थुंकायचा. आताचा एक शब्द बोलत नाही आणि लोक वेडे झालेत. आतला रडतो तर रडू दे. तिकीट बाहेरच्याचं आहे.

मी म्हटले की हे पाप आहे. त्यांनी माझे कोपर धरले. म्हणाले, असेल. गाठ कोणी मारली?

टोस्ट मी खाल्ला. का ते माहीत नाही.

बुधवार, १ ऑगस्ट. लॉस एंजेलिस.

आज कात्री लावली. घोट्यापाशी, पाव इंच, दिसणार नाही अशी.

रक्त आले. कापडातून नाही, कापडाचेच. कात्रीच्या पात्यावर लाल, कडेला पांढरे साटीन, आणि मध्ये फट नव्हती, पाय नव्हता, जखम होती. वर तोंड हसत होते. मी मानेला कान लावला आणि तो ओरडणे थांबवेपर्यंत तसाच ठेवला. ते मला करायलाच हवे होते.

मग तो म्हणाला, थांबू नको. मानेपासून खाली पूर्ण काप.

मी म्हटले, तू मरशील.

तो म्हणाला, हो गं बाई. तेच सांगतोय.

मी म्हटले, मला विचार करू दे. खून आहे की नाही ते मला ठरवायचे आहे. बाबांना विचारता येणार नाही. तो म्हणाला, किती दिवस? मी दिवस सांगितला. शनिवार, ४ ऑगस्ट, दुपारी चार. चारला डॉक्टर झोपतात, मिस्टर पेल फोनवर असतात.

तो म्हणाला, शनिवार. तीन दिवस. ठीक आहे, तीन काढतो.

रविवार, ५ ऑगस्ट. लॉस एंजेलिस.

४ ऑगस्टवर रेघ मारली आहे.

कारण लिहिते. शनिवारी मला दिवसभर नेव्हिलच्या पोशाखाला बसवले. त्यालाही तसाच हवा होता. दोन आठवडे मिस्टर पेलच्या मागे लागला होता, कॅस्पियनलाच का, मला सोनेरी करा, जास्त टिकल्यांचा. मिस्टर पेल म्हणाले, बरोबर आहे तुझं, राजा. त्याच सकाळी नेव्हिलने दुसऱ्या एका बँडशी बोलणी चालवल्याचे त्यांना कळले होते. हे मी पडद्यामागून ऐकले. नेव्हिलला सांगितले नाही.

आज शिवले. डॉक्टरांनी आधी एक सुई दिली, नेव्हिलने आनंदाने घेतली, रोजच घेतो. आरशात स्वतःला वळून वळून पाहत होता. एकसष्टऐवजी सत्तर टाके, तो रुंद आहे. एकोणसत्तर झाले. त्याची जीभ जड झाली होती, पण तो बोलू शकत होता. तो म्हणाला, विचार की गं मास्तरीण. मला नाही विचारत ते? आत कोण, आत कोण. उत्तर पाठ केलंय मी.

वेळ होता. घड्याळात सहाला बारा कमी होते. कोणी घाई केली नाही. मला ती स्वेटर घातलेली मुलगी आठवली, आणि पोटरीवरच्या सिगारेट.

मी विचारले नाही. गाठ मारली.

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. थोडे कळले असावे. मग हसू आले, कॉलिनच्या तोंडावर असते तेच हसू, आणि राहिले.

शनिवार, ११ ऑगस्ट. सॅन फ्रान्सिस्को.

११ ऑगस्टवर रेघ. हा दिवस मी कॉलिनला मंगळवारी दिला होता.

कारण — कारण नाही. चार वाजले, कात्री हातात होती. डॉक्टर झोपले होते. पाच वाजले.

नेव्हिलच्या मानेला आज पहिल्यांदा कान लावला. तो आईला हाक मारत होता. मी नऊपर्यंत मोजले आणि कान काढला. ढोलवाला आता नेव्हिलवर सिगारेट विझवतो. मी थांबवत नाही.

नेव्हिलला शिवले त्या ५ ऑगस्टच्या रात्री मला आठ तास झोप लागली. हे लिहायलाच हवे. इथे आल्यापासून इतकी चांगली झोप नव्हती.

कॉलिन रागावला नाही. म्हणाला, मग कधी? मी म्हटले, अठरा. तो म्हणाला, सात दिवस. सिगारेटच्या हिशेबात किती होतात माहीत आहे?

शनिवार, १८ ऑगस्ट. सेंट पॉल.

रेघ.

मिस्टर पेल म्हणतात, ऑगस्टअखेर संपणार नाही. जपान. मग जर्मनी. मग इथेच परत. ढोलवाल्याचे माप घेऊन ठेव, म्हणाले, घाई नाही.

मी माप घेतले.

दुपारी कॉलिनकडे गेले. सांगायला, की आज नाही. कान लावला. मग त्याने विचारले,

बाहेर कोण?

मी नाव सांगितले. तो म्हणाला, नाही. ती नाही. ती असती तर —

पुढचे ऐकू आले नाही. दोन पायऱ्या खाली उतरल्यासारखा आवाज. तो आत आत जातो आहे. लवकर केले नाही तर कापून मोकळे करायला कोणी उरणार नाही, नुसते दुखणे उरेल आणि गाणे.

बुधवार, २२ ऑगस्ट. मिनीॲपोलिस.

हात थरथरतात. टिकल्या वाकड्या लागल्या. मिस्टर पेलनी पाहिले. कोपर धरले. म्हणाले, पोरी, तू थकलीस, डॉक्टरांना दाखव. मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले — दोनदा की एकदा, नक्की नाही. लिहिते आहे तसे: निदान एकदा.

डॉक्टर फार मृदू आहेत. जीवनसत्त्व, म्हणाले. बाही मीच वर केली.

थरथर थांबली.

कॉलिनला सांगितले. आता ठरले. हात स्थिर आहे. शेवटचा दिवस, यावर रेघ नाही. मानेला कान लावला. श्वास होता. श्वास मोजला, सोळा.

शुक्रवार, २४ ऑगस्ट. क्लीव्हलँड.

आज दुसरी सुई. की तिसरी.

खून नाही. ठरवले. खून मी १५ जुलैला केला, हा नाही. नेव्हिललाही — आधी कॉलिन, मग नेव्हिल. नेव्हिलला शेवटी विचारीन. त्याला उत्तर देऊ देईन. त्याने काय बदलणार — काही नाही, पण विचारीन.

कात्री आईची. धार लावली. मानेपासून खाली, एका दमात, थांबायचे नाही, तो ओरडला तरी —

मिस्टर पेलनी नवे साटीन आणून ठेवले आहे. ढोलवाल्यासाठी. त्याच्या मापाला ते कमी पडेल, माझ्याएवढ्या अंगाला पुरेल.

शनिवार. क्लीव्हलँड.

तीनला डॉक्टर सुई देऊन गेले. आता झोपले असतील. मिस्टर पेल फोनवर, आवाज येतो आहे. दोघे माझ्यापुढे खुर्च्यांवर बसले आहेत, रुपेरी आणि सोनेरी, हसत. दार मी लावले. दार लावले आहे, उठून पाहिले.

कात्री मांडीवर आहे. वजन कळत नाही.

कॉलिनच्या मानेला कान लावला. तो म्हणाला, आज कोणता वार? मी सांगितले. म्हणाला, तारीख सांग. तारीख सांग, रेघ न मारलेली.

सांगते. लिहूनही ठेवते, नीट, म्हणजे बोट दाखवता येईल. उजवा हात लिहितो आहे. डावा कात्रीवर ठेवला आहे. डाव्याला उचल म्हटले, त्याने अजून — उचलेल. चारला पाच कमी आहेत. मी त्याला मोकळे करणार तो दिवस आज. शनिवार, २५ ऑगस्ट १९७३, दुपारी चार वा —